खेळ सुटल्यावर

आमचं थिएटर वाघोलीत, नगर रस्त्यापासून थोडं आत आहे. 'आनंदी चित्रमंदिर'. माझे सासरे गेनबा भाडळे यांनी ते बांधलं तेव्हा आजूबाजूला ज्वारीची रानं होती आणि गाव त्यांना वेड्यात काढत होतं. थिएटरला त्यांनी बायकोचं, म्हणजे माझ्या सासूबाईंचं नाव दिलं. सुरुवातीची बरीच वर्षं केसनंद, लोणीकंदहून लोक ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत बसून सिनेमाला यायचे. मी लग्न होऊन आले तोपर्यंत रानं गेली होती, टॉवर उभे राहत होते. माणसं वाढत होती आणि आमच्या खुर्च्या रिकाम्या पडत होत्या.

त्यात गूढ काही नव्हतं. नवा सिनेमा पहिल्या आठवड्यात मॉलमध्ये लागायचा. आमच्याकडे यायचा तेव्हा तो फोनवर दिसायला थोडेच दिवस उरलेले असायचे. वितरकाचा वाटा, विजेचं बिल, पगार, यातलं काही थांबत नव्हतं. कधी कधी दुपारच्या खेळाला इतकी कमी माणसं यायची की आम्ही तिकिटं परत घेऊन खेळ रद्द करायचो. माझा नवरा सूरज प्लॉटिंगचा व्यवसाय करतो. त्याच्या ओळखीचा एक बिल्डर जागेच्या मागे लागला होता. खाली दुकानं, वर फ्लॅट, आणि आम्हाला वरचे दोन मजले.

मी नको म्हणाले. मी स्वारगेटजवळ एका विमा कंपनीत काम करायचे. कुणाचं काही जळलं, बुडालं, चोरीला गेलं की लोक जे सांगतात त्यातलं खरं किती, हे जाऊन बघायचं माझं काम होतं. मला वाटत होतं, थिएटर मेलेलं नाही, त्याच्याकडे कुणी नीट बघितलेलंच नाही. मी नोकरी सोडून थिएटर हातात घेते, असं घरात सांगितलं. सूरज हसला. मामंजी म्हणाले, "दिवाळीपातूर बघ. न्हाई जमलं तर सूरज म्हनतो तसं."

मी जूनपासून कामाला लागले. ढेकूण झालेल्या खुर्च्या बदलल्या. बायकांचं स्वच्छतागृह फोडून नवं बांधलं. कॉलेजच्या मुलांना सवलत दिली, सोसायट्यांच्या ग्रुपवर जाहिराती टाकल्या. दुपारचा खेळ रद्द करायचा नाही, असं तिकीट खिडकीवर बसणाऱ्या रुपालीला बजावून ठेवलं. एक जण आला तरी सिनेमा दाखवायचा. लोकांना हे कळलं पाहिजे की इथे आलं की खेळ होतोच.

गणपती संपल्यानंतरच्या आठवड्यात दुपारचा खेळ सुटताना मी बाहेर जायच्या दारापाशी उभी राहिले. नवीन स्पीकर बसवले होते, आवाज कसा वाटला ते लोकांना विचारायचं होतं. आमच्याकडे आत जायचं दार पुढे आहे आणि बाहेर पडायचं बाजूला. हॉलमधून एक जाड मरून पडदा बाजूला केला की छोटा बोळ लागतो, त्याला एक वळण आहे, आणि मग लोखंडी सरकतं दार. बोळाला दुसरं दार नाही, खिडकी नाही. मी तो नकाशा नूतनीकरणासाठी इतक्यांदा पाहिला होता की डोळे मिटून काढला असता.

त्या दिवशी आत मूठभर माणसं होती. मी त्यांना आत जाताना पाहिलं होतं. दार उघडलं तशी ती आली. दोन कॉलेजच्या मुली, एक निवृत्त गृहस्थ, कडेवर बाळ घेतलेलं जोडपं. गृहस्थ म्हणाले, "आवाज ठीक आहे. सिनेमाला कथा असती तर आणखी बरं झालं असतं." मी हसले. त्यांच्या मागून एक बाई आली. मग दोन पुरुष. मग टोपी घातलेले एक आजोबा, नातीचा हात धरून. मग माणसं येतच राहिली. दुपारच्या उन्हात येताना प्रत्येकाने डोळे बारीक केले, क्षणभर थांबून इकडेतिकडे पाहिलं, आणि सगळे फाटकातून पायी बाहेर पडले.

मला पहिल्यांदा राग आला. कुणीतरी फुकट आत सोडतंय, असंच मला वाटलं. प्रोजेक्टरवर बसणारा पियुष नवा मुलगा होता, मी त्याला झापलं. तो रडवेला झाला. मी मागच्या बाजूला नवी कुलपं लावली, स्वच्छतागृहाच्या झरोक्यांना जाळ्या मारल्या. दुसऱ्या दिवशी आत जाणाऱ्या प्रत्येकाचं तिकीट मी स्वतः फाडलं. खेळ सुटला तेव्हा पुन्हा तेच.

मग मी खेळभर पियुषच्या खोलीत बसून भिंतीतल्या चौकोनातून हॉलकडे बघत राहिले. रिकाम्या रांगांतून काही डोकी दिसत होती, मध्यंतरातही तेवढीच. दिवे लागले, तेवढीच माणसं उठली आणि पडद्यामागे गेली. मी धावत जिना उतरून बाहेरच्या दारापाशी आले. दारातून लोंढा बाहेर येत होता.

त्यानंतर मी बोळातच उभी राहिले. माझ्याबरोबर टॉर्च होता. पडदा हलला, तिकीट काढलेली माणसं माझ्या अंगावरून गेली. पडदा पुन्हा जागेवर आला आणि पुन्हा हलला. टॉर्चच्या उजेडात माणसं एकामागून एक वळण घेऊन येत होती. कुणाच्या साडीचा पदर माझ्या हाताला लागला. तो गार होता, एसीत बराच वेळ बसल्यासारखा. एवढी माणसं इतक्या अरुंद जागेतून गेली की वास येतो. तेलाचा, घामाचा, पॉपकॉर्नचा. कसलाच वास नव्हता.

शेवटची एक बाई होती, साधारण माझ्याच वयाची, हातात पर्स. मी तिला थांबवलं. विमा कंपनीत असताना वापरायचे तोच आवाज लावून विचारलं, "कसा वाटला सिनेमा?"

"छान होता," ती म्हणाली.

"आपण कुठून आलात?"

तिने माझ्याकडे जरा नवलाने पाहिलं. मग मान वळवून पडद्याकडे दाखवलं. "आतून," ती म्हणाली आणि निघून गेली.

मी सूरजला सांगितलं. त्याला वाटलं मला ताण झेपत नाही. दुसऱ्या दिवशी तो माझ्याबरोबर दाराशी उभा राहिला. सगळे गेल्यावर तो बराच वेळ चपलेने जमिनीवरची खडी सरकवत राहिला.

"बंद करू हे," तो म्हणाला. "बिल्डरला फोन करतो."

"काय सांगणार आहेस त्याला? आमच्याकडे फार माणसं येतात म्हणून विकतोय?"

"तनुजा, ती माणसं कोण आहेत?"

"माहीत नाही. पण ती कुणाचं काही नेत नाहीत, खुर्च्या फाडत नाहीत, शिव्या देत नाहीत. मला दिवाळीपर्यंत वेळ दिलाय. मी बंद करणार नाही."

तो त्या दाराशी पुन्हा कधी आला नाही.

मी मात्र शोध सोडला नव्हता. एकदा त्यातल्या एका माणसाच्या मागे गेले. पांढरा सदरा, हातात कापडी पिशवी. तो रस्ता ओलांडून, चहाच्या टपरीवरून, एका नव्या गृहप्रकल्पाच्या फाटकात शिरला. मी तिथल्या रखवालदाराला विचारलं तर तो म्हणाला, अजून ताबाच दिलेला नाही, इथे कुणी राहत नाही, आणि आत्ता कुणी आत गेलंही नाही. मी वर पाहिलं. दुपारचं लख्ख ऊन होतं. दारं-खिडक्या न बसवलेल्या त्या इमारतीच्या गॅलऱ्यांत, जवळजवळ प्रत्येक मजल्यावर, कुणी ना कुणी उभं होतं. कठड्यावर हात ठेवून, शांतपणे, बस यायची वाट बघावी तसं. सगळ्यांची तोंडं आमच्या थिएटरकडे होती.

मी परत आले आणि संध्याकाळच्या खेळाची तयारी केली.

कारण एव्हाना दुसरं काहीतरी घडत होतं. रस्त्यावरून जाणारे लोक रोज दुपारी आमच्या दारातून बाहेर पडणारी गर्दी बघत होते. आनंदीला पिक्चर चाललाय म्हणे, असं बोललं जाऊ लागलं. कॉलेजची मुलं गटागटाने आली. सोसायट्यांतल्या बायकांनी शनिवारची दुपार ठरवून टाकली. संध्याकाळचा खेळ आधी अर्धा, मग पाऊण भरायला लागला. जो वितरक माझा फोन उचलत नव्हता त्यानेच फोन करून विचारलं, दिवाळीचा मोठा सिनेमा पहिल्या दिवसापासून लावता का. मी हो म्हणाले. फोन ठेवला आणि रुपालीला तिकिटांची जादा पुस्तकं मागवायला सांगितली.

मामंजी रोज संध्याकाळी फाटकाशी खुर्ची टाकून बसू लागले. येणाऱ्याजाणाऱ्याला रामराम करायचे. मी एकदा त्यांना विचारलं, दुपारच्या गर्दीबद्दल काही वाटतं का. त्यांनी माझ्याकडे न बघता उत्तर दिलं.

"आनंदी व्हती तवा असंच भरत व्हतं," ते म्हणाले. "मानसं यायला लागली हायती. आता दार लावू नगंस."

पाडव्याला सगळे खेळ भरले. फाटकाबाहेर रांग लागली होती, आणि जागा न मिळालेली माणसं पुढच्या खेळासाठी तिथेच थांबली. सूरजने स्वतः येऊन रांग लावायला मदत केली. माझ्याकडे बघून तो मान हलवून हसला. त्या एका हसण्यासाठी मी जूनपासून धडपडले होते.

दुपारचा खेळ सुटला तेव्हा मी सवयीने बाजूच्या दाराशी गेले. माणसं आली, बोलत, हसत, फोन सुरू करत. सगळ्यांना वास होता. उटण्याचा, अत्तराचा, तळलेल्या चकलीचा.

आणि गर्दी संपली.

लवकर संपली. मी थांबले. पडदा स्थिर होता. मी तो बाजूला करून आत गेले. हॉल रिकामा होता. खुर्च्या उभ्या मिटलेल्या, खाली कागदाचे डबे, सांडलेल्या लाह्या. जेवढे आत गेले तेवढे बाहेर आलेले नव्हते, हे मला मोजायची गरज नव्हती. भरलेलं थिएटर सुटायला किती वेळ लागतो, ते अंगाला कळतं.

मी स्वतःला सांगितलं, पुढच्या दाराने गेले असतील.

मी पुढचं दार बंद ठेवायला लागले. तरी तसंच.

मी चौकीत जाऊन आले. आमच्या भागातून कुणी हरवल्याची तक्रार आहे का, असं सहज विचारल्यासारखं विचारलं. हवालदार म्हणाले, दिवाळीत नेहमी एखाददुसरी असते, यंदा एकही नाही. मी रोज वर्तमानपत्र शेवटच्या पानापर्यंत वाचलं. कुणी रडत आलं नाही. कुणी फोटो घेऊन आलं नाही. कुणाच्याच घरात कुणीच कमी झालं नव्हतं.

बिल्डरला सूरजने नकार कळवला. मामंजींनी नव्या वर्षापासून थिएटर माझ्या नावावर करायचं ठरवलं. घरात पेढे वाटले गेले.

दुपारचे खेळ चालूच राहिले. भरलेले.

परवा दुपारचा खेळ सुटल्यावर मी हॉलमधून चक्कर मारत होते. संध्याकाळचे लोक बाहेर जमायला लागले होते, त्यांचा गलका आत ऐकू येत होता. मधल्या रांगेत खुर्चीखाली एक फोन वाजला. मी वाकून उचलला. फोनच्या पडद्यावर 'आई' असं आलं होतं.

मी घेतला. सांगितलं, की मी थिएटरमधून बोलतेय, हा फोन इथे राहिलाय.

"स्वरालीचा? अगं बाई. तरीच," पलीकडची बाई म्हणाली. शांत, सुसंस्कृत आवाज होता. "अहो, मला वाटलं घरातच कुठेतरी पडलाय, म्हणून शोधायला फोन लावला. ती कधीच आली. माझ्यासमोर बसून मटार सोलतेय."

मी फोन कुणी येऊन घेऊन जाईल का, असं विचारलं.

त्या बाईंनी तिकडे कुणालातरी विचारलं. मला उत्तर ऐकू आलं नाही.

"नको म्हणतेय," त्या म्हणाल्या. "राहू दे म्हणाली तिथेच."

बाहेर पियुषने घंटा दिली. लोक आत यायला लागले.

मी फोन ठेवणार होते. पण त्या थांबल्या होत्या. त्यांचा श्वास ऐकू येत होता. मग त्या उठून दुसऱ्या खोलीत गेल्या असाव्यात, कारण मागचे आवाज बंद झाले, आणि त्यांनी अगदी हळू विचारलं,

"तुमच्याकडे काही झालं का हो? घरी आल्यापासून ती मला 'अहो' म्हणतेय."