धारेखालची पावलं

मनासेची आणि माझी ओळख भांडणाने झाली.

मागे चार पाहुणे धापा टाकत चढत होते. वाळूच्या उंच टेकडीची धार दाखवायला मी त्यांना पहाटे उठवून आणलं होतं, आणि त्या धारेवरच कुणाच्या तरी बुटांची पावलं उमटली होती. पावलांच्या शेवटी एक तरुण निवांत बसून पाव खात होता.

"अहो, उठा. ही धार काय तुमच्या वडिलांची आहे?"

"नाही. वडिलांची तिकडे बेरसेबा गावाला आहे. तिथे नुसते दगड."

"माझे पाहुणे कोवळ्या उन्हात अखंड धार बघायला येतात. तुमचे बूट बघायला नाही."

"नवे आहेत," तो बुटांकडे बघत म्हणाला. "बघितले तर पाहुण्यांचं येणं वाया जाणार नाही."

मला हसू आलं होतं, पण मी ते गिळलं. हा मनासे, नवा धुकंवाला. टेकडीच्या माथ्यावर खांबांना जाळ्या बांधून समुद्राकडून येणारं धुकं अडवायचं आणि पहाटे किती पाणी साठलं ते मोजायचं, हे त्याचं काम. सहा महिन्यांसाठी आला होता.

मीच त्याला आमची चाल शिकवली. धारेच्या चार वीत खालून, वाळू घसरते त्या अंगाने चालायचं. पाऊल उचललं की वरची वाळू ओघळून खड्डा भरते, मागे काही उरत नाही आणि धारही मोडत नाही. कुईसेब नदीच्या काठावरचे आम्ही सगळे वाटाडे असेच चालतो. मला हे इसाकमामाने शिकवलं.

मनासे पटकन शिकला. मग रोज पहाटे तो जाळ्यांपाशी आणि मी पाहुण्यांबरोबर... मी त्याला वाळूत पिकणाऱ्या नारा फळाच्या भाजलेल्या बिया द्यायची, तो मला बाटली द्यायचा.

"आज दोन बाटल्या धुकं मिळालं. एक तुझी."

मी घोट घेतला. "पाणीच आहे की."

"बघ. मी इतक्या प्रेमाने देतो, आणि तुला त्याची चव पाण्याचीच लागते."

एवढं बोलून तो जाळी सोडवायला वळला. माझे कान मात्र सूर्य वर येईपर्यंत तापलेले होते.

हे असंच चालायचं. पुढचं तो बोलायचा नाही आणि मी विचारायची नाही. बघता बघता सहा महिने सरले. शुक्रवारी तो जाणार होता.

गुरुवारी इतकं दाट धुकं आलं की पाहुणे अंथरुणातून उठलेच नाहीत. मी आणि मामा पायथ्याशी गाढवगाडीजवळ चहा उकळत बसलो. मनासे रोज सातला खाली यायचा. सात वाजले. साडेसात झाले.

"धुकं आहे. थांबला असेल," मामा म्हणाला.

"तो थांबणाऱ्यातला नाही, मामा."

"तुला बरंच ठाऊक आहे गं."

मी चहा तसाच टाकून उठले. धावत वर गेले. जाळ्यांपाशी त्याची वही होती, तो नव्हता. मी हाका मारल्या. धुक्यात हाक दहा पावलंही जात नव्हती.

मी वाळूत त्याचा माग शोधायला वाकले. माग असणार कुठून? माग न ठेवता चालायला मीच तर शिकवलं होतं! दक्षिणेला वळला असेल तर पुढे दिवसन् दिवस नुसती वाळू. धुकं उठलं की ऊन, आणि त्याच्याजवळ एक बाटली. एका धारेच्या दिमाखापायी मी त्याला घालवला होता.

तेवढ्यात नजर उतारावर गेली. धुक्याने सगळी वाळू भिजून काळपट झाली होती, पण चार वीत खाली मधूनच फिकट ओघळ होते. मी हात घातला. कोरडी वाळू. वरची ओली साय मोडून आतली कोरडी घसरली होती, पावलागणिक एक ओघळ. ते दक्षिणेलाच गेले होते.

मी धारेवरून पळत सुटले. पडले, उठले, पुन्हा पळाले. ओघळ संपले तिथे खालून आवाज आला.

"अलेटा? धारेवरून आलीस? मोडलीस की सगळी."

खळग्यात तो बसला होता. घोटा सुजलेला, दात वाजत होते. मी त्याच्या खांद्यावर एक धपाटा घातला आणि मग तिथेच बसून रडले.

"कुठे निघाला होतास?"

"कुठेच नाही. उद्या जायचं म्हणून तुला काय सांगायचं ते जुळवत चाललो होतो... जुळवता जुळवता वाट चुकली."

"मग जुळलं?"

"नाही. पाय तेवढा मुरगळला."

"मग न जुळवताच सांग."

त्याने बुटावरची वाळू झटकली. "मला तुझ्याशिवाय करमणार नाही, अलेटा. घरच्या थोरल्यांना घेऊन परत येऊ का?"

"ये," मी म्हणाले. "पण रस्त्याने ये."

त्याला कमरेत धरून मी खाली आणलं. मामाने आधी घोटा पाहिला, मग माझा हात पाहिला. मी तो काढला नाही.

"काय रे, थोरल्यांना आणणार आहेस वाटतं?"

"हो, मामा."

"आण. पहिल्या दिवशी मी त्यांना ओळखही दाखवणार नाही. उन्हात उभे राहू देत."

मनासेच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू पसरलं. नको असलेल्या स्थळाला आमच्या घरी चहा पाजून तासाभरात वाटेला लावतात, ताटकळवतात ते हव्या असलेल्याला. आमच्यासारख्याच नामा जमातीच्या घरात वाढलेला तो, त्याला हे सांगावं लागलं नाही.

"आणि दुसऱ्या दिवशी?" त्याने विचारलं.

"दुसऱ्या दिवशी बोलणी खायची. तिसऱ्या दिवशी होकारासाठी हिला सगळ्यांसमोर विचारीन, अलेटा, ही माणसं तुझ्या ओळखीची आहेत का?"

"आहेत," मी म्हणाले.

"अगं," मामा चहा ओतता ओतता म्हणाला, "त्यांना येऊ तर दे."