बाटली खालीच ठेवा

सांगून सांगून तोंड दुखलं माझं. तरी नातवंडं पिच्छा सोडत नाहीत, म्हणून एकदाचं लिहून टाकतो. पुन्हा विचाराल तर काठी आहे.

हिवाळा सरता सरता मला फ्लूचा न्यूमोनिया झाला. उतरत आला होता, तेवढ्यात असा ठसका लागला की डाव्या छातीत काहीतरी फाटलं. डॉक्टर म्हणाला, फुफ्फुसाला भोक पडलंय, बाहेर हवा साठून ते चपटं झालंय. बरगड्यांतून नळी घातली. तिचं दुसरं टोक खाटेखाली, पाण्याच्या बाटलीत. श्वास सोडला की गुडगुड.

शेजारच्या खाटेवर मुर्सी, नाईलवरचा नावाडी, तसाच नळीवाला. येईल त्याला बजावायचा, "बाटली खालीच ठेवा. छातीच्या वर नेली तर पाणी आत चढतं."

एके पहाटे तो वारला. गादी गुंडाळून ठेवली.

त्याच दुपारी खमसीन सुटला, वाळवंटातला तो धुळीचा गरम वारा. खिडकी आधी पिवळी, मग तपकिरी झाली. दिवे गेले. माझ्या बहिणीचा नवरा अब्दुल मौजूद संत्री घेऊन आला. कहवाखाना चालवतो तो.

"काय मेव्हणे, कोळशाशिवाय हुक्का?"

फरशी पुसणारी बाई म्हणाली, बाटली जरा सरकवा. ह्या शहाण्यानं ती उचलून खिडकीत ठेवली, आणि चहा प्यायला गेला. बाईही पुसून गेली.

गुडगुड थांबली.

नळीतून काहीतरी गार चढत आलं... हाक मारायला छातीत वारा नव्हता. नाकातोंडात धूळ. मग त्या धुळीत ओल्या दोरखंडाचा, नदीच्या गाळाचा वास आला. अनवाणी पावलं वाजली. बरगडीवर हात पडला, रांजणासारखा थंड.

"सावकाश सोड... फुंकू नकोस... शीड उतरवतात तसा सोड..."

बाटली फरशीला टेकली. गुडगुड. मी रडलो. हो, रडलो.

दाजी परत आला. म्हणाला, "तुम्हीच उतरवली असणार." मला कूससुद्धा बदलता येत नव्हती. खिडकीतल्या धुळीवर बाटलीचा गोल ठसा होता, आणि शेजारी चिखलाची चार बोटं.

अजून खमसीन सुटला की माझ्या खाटेखाली गुडगुड होते. एकदा श्वास रोखून पाहिला. थांबली नाही. मी भरपूर साखरेचा चहा खाली सरकवतो. "घे बाबा. तुझ्यामुळे नातवंडं पाहिली."

परवा दाजीनंही ऐकली. चपला टाकून पळाला. पण माझी माफी काही मागितली नाही त्या अब्दुल मौजूदनं.