पूर्ण नावाची अंजनी

बीकरमध्ये गुठळ्या झाल्या होत्या, घाईत केलेल्या पिठल्यात होतात तशा. अंजनीने काच उजेडाला धरली, ढवळली, पुन्हा धरली, आणि तिचा पारा चढला. समुद्री शेवाळापासून काढलेली ती पांढरी भुकटी, अल्जिनेट, शुद्ध पाण्यात मधासारखी विरघळते. पण पाण्यात कॅल्शियम असलं की गोठायला लागते, आणि कॉलेजच्या बोअरच्या पाण्यात तर किटल्या पांढऱ्या व्हायच्या. कोणीतरी डिस्टिल्ड पाण्याच्या कॅनमध्ये सरळ बोअरचं पाणी भरून ठेवलं होतं.

प्रयोगशाळेत तिच्याखेरीज एकच जण होता. खिडकीशी पाठमोरा, सूक्ष्मदर्शकावर वाकलेला, पीएचडीच्या शेवटच्या वर्षाला दुसऱ्या प्रयोगशाळेतून इथे नवीनच आलेला. जबलपुरात मराठी माणसाची एक मोठी सोय असते. घराबाहेर पडलं की मराठीत कोणालाही काहीही म्हणावं, कोणाच्या बापाला कळत नाही. अंजनीने त्या सोयीचा पुरेपूर फायदा घेतला. कोण्या अकलेच्या कांद्यानं हे पाणी भरलं, काहून भरलं, आणि सकाळपासूनची मेहनत नालीत गेली ती आता कोण भरून देणार, असं ती त्या बीकरला उद्देशून मोठ्याने विचारत राहिली.

"कांदा मीच आहे," पाठमोरा माणूस म्हणाला. मग हळूच वळला. "सॉरी. मुझे लगा... म्हणजे मला वाटलं, कॅन रिकामी आहे तर भरून ठेवू."

अंजनीचे कान तापले. पण माफी मागायची तिला सवय नव्हती, म्हणून तिने बीकर त्याच्या हातात दिला आणि धुऊन आणायला सांगितलं. त्याने मुकाट्याने धुतला. तेही दोनदा.

त्याचं नाव शशिकांत देवपुजारी. राहायला नेपियर टाउनात, घरात चार पिढ्यांचं जबलपूर. त्याला मराठी समजायची सगळी, पण बोलताना दर दोन शब्दांमागे हिंदीचा टेकू लागायचा. त्याने तिचं नाव विचारलं. तिने सांगितलं, अंजनी मेश्राम. आणि सांगताना ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली.

त्या सगळ्या विभागात मेश्राम हे आडनाव काय सांगतं, ते कोणाला ठाऊक नव्हतं. तिवारी, पटेल, जैन मंडळींना ते नुसतं एक महाराष्ट्राकडचं नाव होतं. ओळखायचा तो मराठी माणूसच, आणि तोही पापणी लवायच्या आत. मराठी बोलायला माणूस मिळाला याचा आनंद आणि ही धास्ती, दोन्ही तिला एकाच माणसाकडून मिळायचं होतं. शशिकांतची पापणी लवली. तिने ते पाहिलं. मग तो म्हणाला, "मेश्रामजी, चाय?"

"जी लावू नको. मास्तरीण वाटते मी."

तेव्हापासून ते दोघं चहाला एकत्र जाऊ लागले.

कामं मात्र दोघांची उलट्या दिशेची. तो प्लास्टिकच्या बशांवर पॉलिमरचा पातळ थर चढवायचा. उघड्या प्लास्टिकवर पेशी धरत नाहीत, गोळा होऊन तरंगतात. थर जमला की त्या खाली बसतात आणि पाय पसरतात. अंजनीचं काम पेशींना लपवण्याचं. इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी दुसऱ्याच्या शरीरात घातल्या की शरीर त्यांना परक्या म्हणून ओळखतं आणि मारून टाकतं. म्हणून ती त्यांना अल्जिनेटच्या इवल्याशा मण्यांत बसवायची. मण्याच्या भिंतीतून साखर आत जाते, इन्सुलिन बाहेर येतं, पण मारेकऱ्यांना आत शिरता येत नाही. सुईतून थेंब टपटपत पडायचे आणि खालच्या कॅल्शियमच्या पाण्यात भिजल्या साबुदाण्यासारखे गोल व्हायचे. ते बघायला शशिकांत आपलं काम टाकून येऊन उभा राहायचा.

"मणी बघून राहिला की मला?" एकदा तिने मान वर न करता विचारलं.

"मणी," तो म्हणाला. थोड्या वेळाने म्हणाला, "पहिल्यांदा मणी."

तिचा हात हलला आणि एक थेंब वाकडा पडला. ती त्याला रागावली, पण त्या रागात काही दम नव्हता.

हिवाळा आला. जबलपूरचा हिवाळा म्हणजे मटार. रस्त्यावर ढीग, घराघरात ढीग. दुपारी विभागाच्या गच्चीवर उन्हात बसून तो शेंगा सोलायचा आणि दाणे तिच्या ओंजळीत टाकायचा. स्वतः एकही खायचा नाही. तू काहून खात नाहीस, असं तिने विचारलं की म्हणायचा, मला सोलायलाच आवडतं. हे खोटं होतं. मटार त्याला जीव की प्राण, हे तिला नंतर त्याच्या आईकडून कळलं.

एका संध्याकाळी दोघं ग्वारीघाटावर गेले. नर्मदेवर धुकं उतरत होतं, पानांच्या द्रोणांतले दिवे पाण्यावरून हेलकावत चालले होते. नावाड्याने हात देताना बिनधास्त "भाभीजी, सँभल के" म्हटलं आणि शशिकांतने ते दुरुस्त केलं नाही. नाव मध्यावर गेल्यावर तो घसा खाकरून म्हणाला, "अंजनी, मी... मुझे तुमसे..."

"थांब," ती म्हणाली. "पुढचं बोलायच्या आधी नीट ऐक. मी मेश्राम आहे. आमच्या घरी बुद्ध आणि बाबासाहेबांचा फोटो आहे. तुमच्या घरी देव्हारा आहे. तुला चालेल, पण घरच्यांचं काय?"

"मी सांगतो घरी."

"सांगशील नं?"

"सांगतो म्हटलं नं," तो म्हणाला, आणि मग ते पुढचंही बोलला, सगळं, अर्धं हिंदीत आणि अर्धं मराठीत. अंजनीला आपल्या आयुष्यात इतकं सुख कधी झालं नव्हतं. तिने ते लपवलं नाही. नावाड्यादेखत त्याचा हात धरून बसली.

महिन्याभराने कुसुमबाईंनी, शशिकांतच्या आईने, तिला जेवायला बोलावलं. अंजनी निळी सुती साडी नेसून गेली. दारातच कुसुमबाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला. "ये गं. शशी सारखा तुझं नाव घेत असतो. देशमुखांची पोर म्हणजे आपल्यातलीच म्हणायची."

अंजनीला वाटलं, दुसऱ्या कोणाबद्दल बोलून राहिल्या. मग तिने शशिकांतकडे पाहिलं. तो ताटं मांडत होता, वर बघत नव्हता.

तेव्हा तिला उमगलं. त्याने घरी सांगितलं होतं खरं, पण तिचं खरं आडनाव नव्हतं सांगितलं. देशमुख म्हटलं की कोणीही असू शकतं, ज्याला जे हवं ते त्याने समजावं. आडनावही त्याने किती विचार करून निवडलं होतं.

ती पाटावर बसली. वरणभात वाढून झाला. लक्ष्मणराव, शशिकांतचे वडील, बँकेतून निवृत्त झालेले, तिला म्हणाले की देशमुखांची मोठी घराणी आहेत, तुमचं गाव कोणतं. अंजनीने घास गिळला.

"मी देशमुख नाही, काका. माझं नाव अंजनी नारायणराव मेश्राम. बाबा फॅक्टरीत फिटर आहेत. लहानपणी कुठं नाव सांगायचं झालं की बाबा म्हणायचे, पूर्ण सांग, आणि खाली बघून सांगू नको. म्हणून सांगून राहिली."

कुसुमबाईंच्या हातातला डाव तसाच राहिला. लक्ष्मणरावांनी ताट सरकवलं आणि उठून आत गेले. शशिकांत आपल्या भाताकडे बघत बसला. त्याने एक शब्द जरी उच्चारला असता, तरी अंजनीने त्याला तिथल्या तिथे माफ केलं असतं. अन्न टाकून उठायचं नाही ही तिच्या घरची शिस्त. तिने सावकाश ताट संपवलं, हात धुतले, काकू, वरण छान झालं होतं, असं सांगितलं आणि निघाली.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत तो तिच्या टेबलापाशी आला. थोड्या दिवसांपुरतं होतं, म्हणाला. आईला तुझी सवय झाली की सांगणारच होतो. तुला कोणी काही बोलू नये, एवढ्याचसाठी केलं.

अंजनीने बशी त्याच्यापुढे सरकवली. तळाशी मणी पडले होते.

"हे बघ. आतल्या पेशी जिवंत आहेत. कोणाला पत्ताच नाही, म्हणून कोणी मारत नाही. पण रक्ताची एक नसही यांच्यापर्यंत पोचत नाही. आहे त्याच मण्यात जगायचं आणि तिथंच संपायचं. पेशींचं ठीक आहे, शशिकांत. त्यांना बापाचं नाव नसतं. मला आहे."

"अंजनी, सुनो तो..."

"मेश्राम म्हणून बोलावशील तर येईन. नाही जमत तर तसं सरळ सांग. मी काही रडत बसणार नाही."

ती रडली, पुष्कळ रडली, पण ते त्याला कळायचं कारण नव्हतं. घरी आईने नागपूरच्या एका इंजिनिअरचा विषय काढला तेव्हा ती नाही म्हणाली. का नाही, ते मात्र तिला सांगता आलं नाही. शशिकांतवर तिचा राग होता आणि जीवही होता, आणि दोन्ही एकाच जागी दुखत होतं.

उन्हाळ्याच्या तोंडावर शशिकांतची पीएचडीची तोंडी परीक्षा आली. ही परीक्षा उघड असते. सभागृहात प्राध्यापक, विद्यार्थी, घरचे, ज्याला यायचं त्याने यावं, आणि चहा-फराळ परीक्षार्थ्याचा. कुसुमबाई चिवड्याचे दोन डबे घेऊन आल्या होत्या. लक्ष्मणराव कडक इस्त्रीच्या सदऱ्यात होते. अंजनीला मैत्रिणींनी मागे बसायला बोलावलं. ती मुद्दाम पहिल्या रांगेत बसली. मी काय चोरी केली आहे, असा तिचा हिशेब.

शशिकांत छान बोलला. थर किती पातळ, पेशी कशा धरतात, सगळं. भोपाळहून आलेल्या परीक्षकांचे प्रश्नही त्याने परतवले. शेवटी आभार. मार्गदर्शक मॅडम, सहकारी, आईवडील. मग पडद्यावर शेवटची ओळ आली: अंजनी मेश्राम. तो थांबला, आणि एकदम मराठीत बोलू लागला. हिंदीचा टेकू न घेता, अडखळत, पण मराठीतच.

"आई, बाबा, मी तुम्हाला देशमुख सांगितलं होतं. ते खोटं होतं. हिचं नाव अंजनी मेश्राम आहे, आणि ते लपवलं ही माझी भ्याडपणाची गोष्ट आहे. मला हिच्याशी लग्न करायचं आहे. ती हो म्हणेल की नाही, मला माहीत नाही."

सभागृहात शांतता. शांतता कसली, कोणाला काही कळलंच नव्हतं. परीक्षकांना वाटलं, पोरगा कुलदैवताचं स्मरण करतो आहे. त्यांनी आदराने मान लववली. कळलं होतं फक्त चौघांना. लक्ष्मणरावांचा चेहरा लाल झाला होता. कुसुमबाई पदराचं टोक बोटाला गुंडाळत होत्या. शशिकांत घामाने भिजला होता.

आणि अंजनीने हात वर केला.

"सर," ती परीक्षकांना म्हणाली, "एक निवेदन है. इन्होंने अभी जो मराठी में कहा, वो हिंदी में भी कह दें. सबको समझना चाहिए."

परीक्षकांनी परवानगी दिली. शशिकांतने तिच्याकडे पाहिलं. तिने नजर हटवली नाही. मग त्याने ते सगळं हिंदीत सांगितलं, देशमुखपासून भ्याडपणापर्यंत, एकही शब्द न गाळता. मागच्या बाकांवरून आधी एक शिट्टी आली, मग टाळ्या. लक्ष्मणराव उठले आणि दार ढकलून बाहेर गेले.

व्हरांड्यात चिवडा वाटला जात होता तेव्हा शशिकांत तिला गाठून म्हणाला, "आता तरी सांग."

"एवढे दिवस काहून लावले?"

"घाबरलो होतो."

"आता?"

"आताही घाबरून राहिलो. तू उत्तर देऊन नाही राहिली."

अंजनीला हसू आवरेना. "हो," ती म्हणाली. "हो म्हणून राहिली मी. पण मेश्रामच राहीन. पत्रिकेतही, दारावरच्या पाटीवरही." तो चालेल म्हणाला, पुन्हा पुन्हा म्हणाला, आणि त्याचे डोळे भरून आले. अंजनीचेही भरले. या वेळी तिने ते त्याला बघू दिले.

ती गेटाशी आली तर कुसुमबाई एकट्याच उन्हात उभ्या. लक्ष्मणराव स्कूटर घेऊन निघून गेले होते. बायकोला बरोबर आणलं आहे, याचंही त्यांना भान राहिलं नव्हतं. कुसुमबाई संतापल्या होत्या. मुलावर, नवऱ्यावर, बहुधा अंजनीवरही.

अंजनीने स्कूटी त्यांच्यापुढे आणून उभी केली. "काकू, बसा. सोडते मी."

त्यांनी रस्त्याकडे पाहिलं. एक ऑटो येत होता. त्यांनी त्याला हात केला नाही. रिकामे डबे पिशवीत घातले, साडी सावरली, मागे बसल्या आणि तोल जाऊ नये म्हणून अंजनीच्या खांद्यावर हात ठेवला.

नेपियर टाउन जवळ आलं तशा त्या म्हणाल्या, "बाजारातून नको. मागच्या गल्लीनं घे."

"मागच्या गल्लीनं मी जात नसते, काकू."

कुसुमबाईंनी खांद्यावरचा हात काढला नाही. अंजनीने स्कूटी भर बाजारात घातली, आणि गर्दीत ती अडायची तिथे अडलीच. मिठाईच्या दुकानाच्या पायरीवर मालनबाई उभ्या होत्या, मराठी मंडळाच्या. जबलपुरातल्या प्रत्येक मराठी घरातली बातमी त्यांच्याकडे आधी पोचायची.

"कुसुमताई, तुम्ही स्कूटीवर? आणि ही कोण हो?"

अंजनी उत्तर द्यायला वळली. पण खांद्यावरची बोटं घट्ट झाली.

"शशीनं पसंत केली आहे," कुसुमबाई म्हणाल्या. "अंजनी मेश्राम."

"काय म्हणालात? मेश्राम?"

"मेश्राम," कुसुमबाई पुन्हा म्हणाल्या, मघापेक्षा मोठ्याने, पलीकडच्या दुकानापर्यंत जाईल अशा आवाजात. "आणि तू गं, पुढे बघ. हळू चालव."

आणि अंजनीने, बहुतेक आयुष्यात पहिल्यांदाच कोणाचं तरी ऐकून, स्कूटी हळू चालवली.