भिंतीवरचा श्वास

राघूने जेवणाच्या टेबलावर तीन ताटं मांडली.

ऋजुताने इकडेतिकडे पाहिलं. घरात ती होती आणि आबाजी होते. राघू तर यंत्रमानव. आबाजींची औषधं, जेवणखाण आणि तब्येत सांभाळायला आणलेला. त्याला ताट लागत नव्हतं.

"आणखी कोण येणार आहे?" तिने विचारलं.

"कोणी येणार नाही, ऋजूताई," राघू आपल्या मऊ, एकसुरी आवाजात म्हणाला. "घरात तीन माणसं आहेत. म्हणून तीन ताटं."

आबाजींनी तिसरं ताट उचलून मांडणीत ठेवलं आणि वरणाचं भांडं तिच्याकडे सरकवलं. जणू हे रोजचंच काम होतं.

आबाजी म्हणजे डॉ. सुधन्वा पांढरीपांडे, ऋजुताच्या आईचे वडील. नागपूरच्या एका प्रयोगशाळेत त्यांनी आयुष्यभर प्रकाशाचा अभ्यास केला होता, आणि निवृत्त झाल्यावर चिखलदऱ्याला येऊन ते एकटेच राहत होते. ऋजुता तीन वर्षांची असताना तिची आई, आसावरी, तापाच्या साथीत गेली. तेव्हापासून ऋजुता बाबांबरोबर अमरावतीला राहायची. यंदा ती अकरा वर्षांची झाली, म्हणून बाबांनी तिला दिवाळीच्या सुट्टीत पहिल्यांदाच एकटीला पाठवलं होतं. परतवाड्याहून घाट चढणारी बस चालकाविना चालायची. धुक्यातून वळणं घेताना पुढच्या रिकाम्या जागेकडे बघत ती जरा घाबरलीच होती. पण या तिसऱ्या ताटाने तिला त्याहून जास्त घाबरवलं.

रात्री राघूने दोनच ताटं मांडली.

"ते तिसरं माणूस गेलं का?" तिने त्याला हळूच विचारलं.

"दुपारनंतर त्या नसतात," राघू म्हणाला.

दुसऱ्या दिवशी ऋजुताने लक्ष ठेवलं. सकाळची कामं उरकली की आबाजी घराच्या टोकाच्या खोलीत जायचे आणि दार लावून घ्यायचे. ते होम थिएटर होतं, सिनेमा बघायची खोली. आतून ना गाण्याचा आवाज, ना बोलण्याचा. मध्येच राघू औषध घेऊन आत जायचा आणि परत यायचा. जेवायची वेळ झाली तसे आबाजी बाहेर पडले आणि हात धुवायला गेले. दार किलकिलं राहिलं होतं. ऋजुता आत शिरली.

खिडक्यांवर जाड काळे पडदे होते. डोळ्यांना काही दिसेना. आणि त्या काळोखात कुणीतरी श्वास सोडत होतं. लांब, न संपणारा, एकाच पट्टीतला श्वास. ती एक पाऊल पुढे सरकली, तशी तिच्या गालाला गरम हवा लागली. मग तो श्वास बारीक होत होत थांबला.

ती पळत स्वयंपाकघरात आली. राघू टेबलावर तिसरं ताट मांडत होता.

"राघू, तू माणसं कशी मोजतोस?"

"श्वासावरून. जिवंत माणूस कितीही स्वस्थ बसलं तरी त्याची छाती वरखाली होते. त्यामुळे कपड्यावरचा उजेड किंचित कमीजास्त होतो. तुमच्या डोळ्यांना तो फरक कळत नाही. माझ्या कॅमेऱ्याला कळतो. म्हाताऱ्या माणसांच्या घरी हे काम महत्त्वाचं असतं."

"आणि त्या खोलीत?"

"तिथे एक बाई आहेत. बसलेल्या असतात. श्वास घेतात."

"तुझ्याशी बोलतात?"

"मी पाणी हवं का म्हणून विचारलं होतं. त्यांनी उत्तर दिलं नाही." राघूने ताट सरळ केलं. "ऋजूताई, त्यांचा श्वास दिवसेंदिवस बिघडत चालला आहे. मी आबाजींना सांगितलं. ते म्हणाले, असू दे."

ऋजुताला त्या दुपारी जेवण गेलं नाही. आबाजींना विचारावं असं दहा वेळा मनात आलं. पण ते मान खाली घालून असे जेवत होते की तिची जीभ उचलेना.

तिसऱ्या दिवशी आबाजी खोलीत असतानाच फाटकापाशी दूधवाल्याने हाक मारली. ते उठून बाहेर गेले, दार उघडंच टाकून. आत उजेड होता. ऋजुताने राघूचा थंड हात धरला. "माझ्याबरोबर चल," ती म्हणाली.

समोरची सबंध भिंत उजळली होती, पण तो उजेड मरगळलेला, पिवळट-हिरवा होता. भिंतीवर एक बाई बसली होती. साडीचा रंग वाळल्या रक्तासारखा तपकिरी दिसत होता. कमरेखालचा भाग काळोखात बुडाला होता. चेहऱ्यावर सावल्या होत्या. तरी ऋजुताने तिला ओळखलं. घरी बाबांच्या टेबलावर याच चेहऱ्याचा छोटा फोटो होता.

तो फोटो होता, चलचित्र नव्हतं. आणि फोटोतली आई श्वास घेत होती. गळ्याखालची सावली गडद व्हायची, फिकी व्हायची. डोळ्यांच्या खाचा खोल जायच्या, पुन्हा वर यायच्या. मध्येच ती दचकल्यासारखी थरथरायची.

ऋजुता किती वेळ तशीच उभी राहिली, तिलाही कळलं नाही. भीती वाटत होती, आणि तिथून हलावंसंही वाटत नव्हतं. शेवटी ती भिंतीजवळ गेली आणि तिने आईच्या खांद्यावर हात ठेवला. भिंत गार होती. तिच्या सावलीने आईचा अर्धा चेहरा गिळला आणि आईचा गाल तिच्याच मनगटावर येऊन पडला.

मनगटावरचा तो गालही श्वास घेत होता.

तिने हात अगदी स्थिर धरला. तरी उजेड वरखाली होतच राहिला. तिने मागे वळून पाहिलं. मागच्या फळीवर ठेवलेल्या प्रोजेक्टरच्या भिंगातून झोत येत होता आणि त्यात धुळीचे कण तरंगत होते. सारे कण एकदम उजळायचे आणि एकदम मंद व्हायचे.

तिने खुर्चीवरची उशी उचलली, स्टुलावर उभी ठेवली आणि स्टूल झोताच्या मधोमध सरकवलं. मग ती स्वतः बाजूला झाली.

"राघू, आता खोलीत कोण कोण आहे?"

राघूचे डोळे फिरले. "तुम्ही. त्या बाई. आणि स्टुलावर आणखी एकजण. लहान मूल आहे. श्वास घेतं आहे."

"ती उशी आहे, राघू."

ऋजुताच्या डोक्यात काहीतरी लख्ख झालं होतं. श्वास आईचा नव्हता. उशीचाही नव्हता. ज्याच्यावर उजेड पडेल ते श्वास घेत होतं. म्हणजे उजेडच श्वास घेत होता.

"बरोबर आहे," दारातून आबाजी म्हणाले. ते कधी परत आले होते कोण जाणे. "मला हे शोधून काढायला वेळ लागला नव्हता. माझा तर धंदाच तो. पण तू उशी ठेवून पाहिलीस, हे चांगलं केलंस."

"मग तुम्हाला माहीत होतं?"

"हो."

"उजेड असा का होतो?"

आबाजी खुर्चीत बसले. त्यांचा आवाज शिकवण्याच्या जुन्या सवयीने सावकाश झाला. "हा प्रोजेक्टर जुन्या काळचा. हल्लीच्या यंत्रांत लेसर असतो, यात दिवा आहे. त्या दिव्यात तार नाही. बोराएवढा क्वार्ट्झचा फुगा आहे (क्वार्ट्झ म्हणजे फार उष्णता सोसणारी बिलोरी काच). फुग्यात समोरासमोर दोन इलेक्ट्रोड आहेत (वीज आत नेणारी धातूची टोकं). दोघांमध्ये मोहरीच्या दाण्याएवढी फट. आणि आत पाऱ्याचा एक कण. वीज या टोकावरून त्या टोकावर उडी घेते, तिला म्हणतात आर्क (वायूतून वाहणाऱ्या विजेची प्रखर ज्योत). त्या उष्णतेने पाऱ्याची वाफ होते, आणि ती वाफ एवढी कोंडली जाते की आतला दाब खोल समुद्रातल्या दाबाइतका होतो. म्हणून इतक्या चिमुकल्या ज्योतीचा एवढा उजेड."

"मग ती ज्योत का हलते?"

"टोकं झिजतात. नवी असताना ती नीट घडवलेली असतात, आर्कला पाय टेकायला एकच जागा असते. झिजली की खडबडीत होतात. मग आर्क कधी या उंचवट्यावर, कधी त्या. ती जागा बदलते, तसा उजेड कमीजास्त होतो. टोकांचा झिजलेला धातू काचेला आतून चिकटतो आणि काच काळी पडते. म्हणून सगळं अंधुक. पाऱ्याच्या उजेडात लाल रंग मुळातच कमी, म्हणून तोच आधी हरवल्यासारखा वाटतो."

"म्हणजे दिवा म्हातारा झालाय."

"फार म्हातारा. काळी काच जास्त तापते, कमकुवत होते. एक दिवस..."

कुठेतरी चट् असा आवाज झाला. आई भिंतीवर जोरात थरथरली, डोळे काळे पडले, आणि सगळं विझलं.

काळोखात तो लांब श्वास सुरू झाला. ऋजुताने आबाजींचा दंड घट्ट पकडला.

"पंखा आहे तो," आबाजी कुजबुजले. "दिवा विझला तरी त्याला थंड करायला चालू राहतो." त्यांनी बटण दाबल्याचा आवाज आला. पुन्हा दाबल्याचा आला. "लगेच नाही लागणार. तापलेल्या वाफेचा दाब उतरेपर्यंत ठिणगीच पडत नाही."

तरीही त्यांनी तिसऱ्यांदा बटण दाबलं.

"बाईंचा श्वास थांबला आहे," काळोखातून राघू म्हणाला. "रुग्णवाहिका बोलवू का?"

आबाजींनी बटणावरचा हात काढला.

"नको, राघू," आबाजी म्हणाले. "आठ वर्षं झाली त्याला."

पडदे ऋजुतानेच बाजूला केले. धुक्याचा पांढरा उजेड आत आला. आबाजी खुर्चीत एकदम लहानसे दिसत होते.

"दिवा फुटला असता का?" तिने विचारलं.

"फुटू शकतो. काचेचे कण आणि पाऱ्याची विषारी वाफ, दोन्ही बाहेर येतात."

"आणि तुम्ही रोज त्याच्यापाशी बसता."

आबाजींनी मान खाली घातली. "नवा दिवा कपाटात आहे. आणून ठेवला तेव्हापासून खोकंही उघडलं नाही. बदलला की ती हलायची थांबेल ना, ऋजू. मला सगळं शास्त्र ठाऊक आहे. तरी रोज वाटायचं, आजचा दिवस राहू दे."

ऋजुता त्यांच्याजवळ जमिनीवर बसली. तिला त्यांचं म्हणणं कळत होतं. मघाशी तिचाही पाय तिथून निघत नव्हता.

"आबाजी, मला आईचा चेहरा आठवत नाही," ती म्हणाली. "बाबांच्या टेबलावरचा फोटो इवलासा आहे. आज एवढी मोठी आई दिसली, पण नीट दिसलीच नाही. सगळ्या सावल्याच. मला एकदा तिला नीट बघायचंय."

आबाजी उठले आणि कपाटाकडे गेले.

दिवा निवेपर्यंत थांबावं लागलं. दोघांनी चहा घेतला. मग आबाजींनी भिंतीतली पिन काढली. "आधी वीज तोडायची, विसरायचं नाही." त्यांनी झाकणाचा स्क्रू ऋजुताला फिरवू दिला. आत एका चौकटीत दिवा बसवलेला होता. दोन स्क्रू सैल केल्यावर त्यांनी चौकटीची कडी धरून ती सरळ ओढली. फुगा काळाकुट्ट झाला होता, एका बाजूला किंचित फुगलाही होता. ते पाहून आबाजींचा हात थबकला.

"आणखी फार दिवस टिकला नसता," ते म्हणाले.

नवा दिवा त्यांनी हातमोजे घालून उचलला. ऋजुता बोट लावणार, तोच त्यांनी तिचा हात अडवला. "काचेला नाही. बोटांचं तेल लागलं की ते तिथे जळतं, तेवढीच जागा जास्त तापते आणि दिवा तिथून फुटतो. कडीला धर."

तिने कडी धरून दिवा आत सरकवला. तो टक् करून बसला. स्क्रू आवळले, झाकण लावलं. झाकण नीट बसल्याशिवाय यंत्र सुरूच होत नाही, हेही आबाजींनी दाखवलं. दिवा किती तास जळला ते मोजणारा आकडा त्यांनी शून्यावर आणला. जुना दिवा नव्याच्या खोक्यात बंद केला. पाऱ्यामुळे तो कचऱ्यात टाकायचा नव्हता, अमरावतीच्या ई-कचरा केंद्रात द्यायचा होता.

"पडदे ओढ," आबाजी म्हणाले.

भिंतीवर आधी निळसर धूसर ठिपका उमटला. पाऱ्याची वाफ होत गेली तसा उजेड चढत गेला. आणि आई दिसली.

साडी तपकिरी नव्हती, डाळिंबी होती. समोरचे दोन दात किंचित एकमेकांवर चढलेले होते, अगदी ऋजुताच्या दातांसारखे. ती निश्चल होती. कुठलीच सावली हलत नव्हती. आबाजी नजर न हलवता बघत राहिले.

"आबाजी, खाली काय आहे ते?"

जिथे आजवर नुसता काळोख होता, तिथे आता आईची मांडी दिसत होती. पदराखालून एक एवढंसं पाऊल बाहेर आलं होतं. त्यात पिवळा लोकरी मोजा होता.

"तू आहेस," आबाजी म्हणाले. "दिवा जसजसा काळवंडला तसतसा तो कोपरा दिसेनासा झाला. आणि मी तो विसरूनच गेलो."

ऋजुता भिंतीजवळ जाऊन त्या पावलाकडे बघत बसली. तिच्या मनात आलं, इतके दिवस उजेड झिजत होता, चित्र कुठेच गेलं नव्हतं. ते यंत्रात आकड्यांच्या रूपात जसंच्या तसं होतं, कुणीतरी चांगला दिवा लावायची वाट बघत. हा दिवाही कधीतरी झिजेल. तेव्हा ती मोठी झालेली असेल आणि तो ती स्वतःच बदलेल, किंवा तोवर न झिजणारा दिवा कुणीतरी शोधून काढलेला असेल. कदाचित तीच.

"त्या दिवसाचं चलचित्रही आहे," मागून आबाजी म्हणाले. "आवाजासकट. मीच काढलं होतं, पण कधीच लावलं नाही."

"का?"

"ते संपतं ना, म्हणून."

"संपलं तर पुन्हा लावू," ऋजुता म्हणाली.

आबाजींनी रिमोट हातात घेतला. तिने त्यांच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला आणि दोघांनी मिळून बटण दाबलं. भिंतीवरची डाळिंबी साडी सळसळली. आईने मांडीवरचं पाऊल पदराखाली घेतलं, मान वर केली आणि कॅमेऱ्यामागे उभ्या असलेल्या माणसाकडे बघून दबक्या आवाजात म्हणाली, "बाबा, पुरे आता. आत्ताच डोळा लागलाय तिचा."