दोन्या बासिलियाचा पाय

दिवे गेलेच आहेत, तर ऐका. गार तेरेरेचा पेला फिरू द्या, पण मला मध्ये तोडू नका.

गेल्या फेब्रुवारीतली गोष्ट. तिसरा गुरुवार, रात्रीचे साडेआठ. ज्याच्यासोबत घडली तो माझा भाडेकरू, मॉर्मन मिशनरी, एल्डर विटबेक. एल्डर म्हणजे वडीलधारा, आणि या वडीलधाऱ्याला धड मिसरूडही फुटलेलं नव्हतं. आयडाहोहून आलेला. पांढरा शर्ट, छातीवर नावाची काळी पाटी, आणि नाक भलतंच नाजूक. दिवसभर उन्हात दारं ठोठावायची, कुत्री चुकवायची, लोक वाढतील ते जेवायचं आणि साडेनऊच्या आत घर गाठायचं. पण आपले मांदिओकाचे उकडलेले कंद गिळताना हा असं तोंड करायचा की वाढणारीलाच लाज वाटावी. जोडीदार बोलिव्हियाचा, एल्डर मामानी. दोघांनी एकमेकांच्या नजरेआड व्हायचं नाही, असा त्यांचा नियम.

त्या रात्री काम साधं होतं. चर्चमधला बाप्तिस्म्याचा हौद रिकामा करायचा. शनिवारी म्हाताऱ्या दोन्या बासिलियाचा बाप्तिस्मा झाला, तेव्हाच पाणी सोडायचं होतं. विटबेकने टाळलं. त्याला त्या पाण्याकडे बघवत नव्हतं.

बासिलियाला साखरेचा आजार. उजव्या पायाची करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट कापलेलं, उरलेला पाय चिघळलेला. वास यायचा, खोटं कशाला बोलू? पायाला प्लास्टिक गुंडाळून ती पाण्यात उतरली आणि हळूच म्हणाली, "सगळी बुडव रे पोरा. हा पायसुद्धा. याचीच मला लाज वाटते."

आपल्यात माणसाला पूर्ण बुडावं लागतं. केसांची बट वर राहिली तरी पुन्हा करायचं. माणूस मागे कलला की पाय तरंगतात, म्हणून बुडवणारा आपला पाय त्याच्या पायांवर ठेवतो. विटबेकने ठेवला नाही. किळस आली त्याला. बासिलियाचा पाय वर आला तो त्याने पाहिला. साक्षीदार दोन. एक मोतीबिंदू झालेला म्हातारा, आणि दुसरा मामानी, त्याच्या नजरेसमोर विटबेकची पाठ आडवी.

"पूर्ण गेली?" मामानीने विचारलं.

"पूर्ण गेली," विटबेक म्हणाला.

म्हातारी बाहेर आली ती आनंदाने रडत. मंगळवारी वारली. तुम्हाला सांगतो, त्या पायाची नाही, पण त्या "पूर्ण गेली"ची मला आजही शिसारी येते.

तर गुरुवारी हौदाच्या खोलीचं दार उघडलं आणि भपकारा आला. पाच दिवसांचं पाणी, त्यात फेब्रुवारी, ऐन उन्हाळ्याचा उकाडा. वर हिरवट साय धरलेली.

"पाणी तूच ठेवलंस, तूच उतर," असं म्हणून मामानी दारातच थांबला.

बूच तळाशी. विटबेकने बूट काढले, नाक दाबलं आणि पायऱ्या उतरला. पाणी कोमट होतं. बुळबुळीत.

तेव्हा त्याला दिसलं.

हौदाच्या मधोमध... एक पाय.

नुसता पाय, घोट्यापर्यंत पाण्याबाहेर. प्लास्टिक सुटलेलं. बोटं तीन.

पाय हलत नव्हता. वाट बघत होता...

विटबेक ओकला. तिथेच, पाण्यात. पण पळाला नाही, एवढं मी त्याच्या पदरात टाकतो. छातीभर पाण्यातून पुढे गेला. उजवा हात वर केला. बासिलियाचं पूर्ण नाव घेतलं, ठरलेले शब्द म्हटले आणि डाव्या हाताने तो पाय खाली दाबला. मऊ होता. भिजलेल्या पावासारखा. बोटं आत रुतली.

पाणी मिटलं.

मग दारातून मामानीचा आवाज, अगदी बारीक.

"अंगठा वर राहिला."

...

पुन्हा हात वर. पुन्हा नाव. या वेळी त्याने आपला पाय तिच्या पायावर ठेवला. अनवाणी. सगळं वजन टाकून.

"आता?"

मामानीने दारातूनच वाकून पाहिलं.

"गेली," मामानी म्हणाला. "पूर्ण गेली."

विटबेकने बूच उपसलं. तळाशी गाळ होता आणि त्याची स्वतःची ओकारी. बाकी काही नाही. दोघांनी मध्यरात्रीपर्यंत हौद घासला. नंतर त्याच रात्री हे सगळं त्याने मला माझ्या अंगणात सांगितलं, चिपा, आपला चीजचा पाव, समोर तसाच ठेवून.

मी म्हटलं, उकाड्याने पोरांची डोकी फिरली. सकाळी माझ्याकडची चर्चची किल्ली घेऊन बघायला गेलो. हौद कोरडा. पायऱ्या कोरड्या. फक्त सगळ्यात वरच्या पायरीवर, बाहेरच्या दिशेने, एकच ओलं पाऊल. उजवं. लहानसं, बाईचं. विटबेकच्या बुटात तर माझे दोन पाय मावतील.

नाक दाबूनच मी वाकलो. मग हात काढला. वास नव्हता.

चष्मा लावून बोटं मोजली.

पाच होती.