टोपण लावलेलंच होतं

या घटनेत माझी आई जाते.

नाही, तसं काही झालेलं नाही. ती समोर बसून सूर्यफुलाच्या बिया सोलतेय. वरचं वाक्य मी लिहिलंच नाही असं समजा.

बाकी सगळं खरं आहे. खारकीव्ह, १९९८, ऑक्टोबरातली संध्याकाळ. बाबांचं वर्षश्राद्ध.

टेबलाशी बाबांची रिकामी खुर्ची. पुढ्यात व्होडकाचा पेला, त्यावर काळ्या पावाचा तुकडा. गेलेल्या माणसाचा पेला झाकूनच ठेवतात.

बाबांनी जन्मभर कारखान्यात फेड कॅमेरे जुळवले. म्हणायचे, "पहिले फेड अनाथ पोरांनी बनवले, नझार. म्हणून हा कॅमेरा माणूस सोडत नाही."

त्यांच्याच फेडने मी आई आणि दमीदकाकाचे फोटो काढले. अख्खा रोल संपवला.

काकाने कॅमेरा हातात घेतला आणि खो खो हसला.

"अरे दिवट्या, टोपण कोण काढणार? तुझा बाप?"

फेडमध्ये आपण बघतो एका भोकातून, फोटो निघतो दुसऱ्यातून. टोपण लावलेलं असलं तरी आपल्याला सगळं छान दिसतं.

"तरी धुऊन बघ," आई म्हणाली.

"काळोख धुऊन काय मिळणार, आई?"

"धू म्हटलं ना!"

न्हाणीघरात अंधार करून मी रोल धुतला. फोटो छापायला घेतले.

आणि... फोटो आले होते.

पहिल्यात आई, काका आणि झाकलेला पेला.

पुढच्यात पाव जरासा सरकलेला...

मग पावाचा लचका तोडलेला...

मग पेला रिकामा.

त्या संध्याकाळी त्या पेल्याला कुणीही हात लावला नव्हता. काकानेसुद्धा.

शेवटच्या फोटोत आईची खुर्ची रिकामी.

तिच्यापुढे... दुसरा पेला. पावाने झाकलेला.

तो फोटो मी लपवला. आईने शोधून काढला. बराच वेळ बघत बसली.

"माझ्या पेल्यात कमी ओतलीये," ती म्हणाली. "तुझा बाप मेला तरी चिक्कूच!"

आता ती रोज जेवताना स्वतःचा पेला पावाने झाकते.

"कशाला गं?"

"माशा बसतात."

नोव्हेंबर आहे. बाहेर बर्फ आहे. खारकीव्हमध्ये एकही माशी नाही.

प्रति,
दुरुस्ती विभाग (बंद झालेला), कॅमेरा कारखाना.

विषय: शेवटच्या फोटोतील दुसरा पेला.

महोदय,
सदर पेला आमच्या मातोश्रींचा नसून नजरचुकीने आलेला आहे. तो काढून घ्यावा व मातोश्रींना खुर्चीवर पूर्ववत बसवावे, ही नम्र विनंती. कॅमेरा हमीच्या मुदतीत आहे असे गृहीत धरावे.

सोबत कॅमेरा जोडला आहे.

टोपण काढू नये.