नुसते ओठ हलव

ही कल्पित कथा नव्हे. माझ्या सख्ख्या धाकट्या बहिणीच्या घरी हे घडले आहे, आजही घडते आहे.

बहीण शिकवते त्या शाळेच्या शतकमहोत्सवाची ती आदली संध्याकाळ. स्थळ, शाळेचे जुने सभागृह.

शाळा सरकारी, पण निकाल उत्तम, पोहण्याच्या ढाली काचेच्या कपाटात मावत नसत. खरी कीर्ती मात्र समूहगानाची, आणि ते घडवले माझ्या बहिणीने. तिचा कान तिखट. जीभ त्याहून तिखट.

मागच्या रांगेत पूर्वी एक मुलगी असे. पोहण्यात पहिली, म्हणून सारे तिला मासोळी म्हणत. सूर मात्र लागत नसे.

"तुझा आवाज म्हणजे दुधात मिठाचा खडा!" बहीण म्हणाली. "मासोळीच ना तू? मग नुसते ओठ हलव."

सारा वर्ग हसला. मासोळीही हसली.

ती आज्ञा तिने मनोभावे पाळली. शाळेच्या तलावात पोहतानाही ती निःशब्द ओठ हलवीत गाणे घोकी.

आणि एके दिवशी त्याच तलावात तिच्या पायात गोळा आला.

"बाई, ओरडली असती तर उडी टाकली असती हो!" क्रीडाशिक्षक रडत म्हणाले. "नुसते ओठ हलत होते. मला वाटलं, गाणं घोकतेय."

बहिणीने चष्मा पुसला. मागच्या रांगेत दुसरी मुलगी उभी केली.

महोत्सवात एकटीने गाण्याचा मान माझ्या भाचीला, बहिणीच्याच मुलीला, मिळाला होता. बहिणीने आयुष्यभर जपलेले स्वप्न त्या एका कंठात होते.

त्या संध्याकाळी सराव सुरू झाला. बहिणीने पेटीवर सूर धरला.

मागच्या रांगेचा आवाज थांबला...

मग मधल्या रांगेचा...

मुलींची तोंडे उघडत होती, मिटत होती. शब्द मात्र नाहीत.

"थट्टा चाललीय का?" बहीण गरजली.

सभागृहात तलावाच्या पाण्यातल्या क्लोरिनचा उग्र दर्प पसरला.

लाकडी जमिनीवर पाणी ठिबकू लागले... टप... टप... तो आवाज मागच्या रांगेतून पुढे आला. बहिणीच्या खुर्चीपाशी थांबला.

मग तिच्या कानाशी कुणीतरी गायले. सूर इतका शुद्ध, की बहिणीची मान नकळत डोलली.

"बाई... आता लागला?"

बहिणीच्या तोंडून सवयीने निघून गेले, "हो."

त्याच क्षणी साऱ्या मुलींचे आवाज परतले.

एकीचा सोडून.

माझी भाची मधोमध उभी होती. ओठ हलत होते.

वैद्य म्हणाले, कंठात दोष नाही. दुसरे म्हणाले, धक्का बसला आहे. तिसऱ्याने हात टेकले.

परवा तिन्हीसांजेला मी त्यांच्या घरी गेलो. भाचीने दार उघडले. तिचे ओठ हलले.

"या मामा, बसा ना."

आवाज तिचाच. आला मात्र बंद न्हाणीघरातून.

मी बहिणीकडे पाहिले. ती पदराशी चाळा करीत होती.

"आत कोण आहे गं?"

"कोणी नाही, दादा."

भाची माझ्यासमोर बसली होती. ओठ घट्ट मिटलेले, डोळे भरलेले.

"आई..." आतून लाडिक हाक आली, "टॉवेल दे ना. किती वेळ झाला, पाण्यातच आहे."

बहीण उठली. टॉवेल दाराच्या कडीला अडकवला आणि दाराला कान लावून तिथेच उभी राहिली.

"हिचा आवाज ऐकायचा तर एवढंच उरलंय, दादा," ती म्हणाली.

आत कुणीतरी गाऊ लागले.

सूर अगदी शुद्ध होता.